दाखल्याच्या खिडकीमागच्या माणसाला खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक सर, मॅडम,
आणि खास करून ऑफिसात दाखल्याच्या खिडकीमागे बसणारे क्लार्क साहेब,

नमस्कार.

परदेशात जाणाऱ्या पोरांना शाळा सोडल्याचा दाखला देताना काय विचारावं, काय सांगावं, याबद्दल हे पत्र आहे. मी कुणी शिक्षणतज्ज्ञ वगैरे नाही, एका मुलीचा मामा आहे. जुळे सोलापुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, झेरॉक्स दोन रुपये, लॅमिनेशन वेगळं, आणि मे-जूनमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते कारण अकरावीचे फॉर्म, सीईटीचे फॉर्म, डोमिसाईलचे कागद, सगळं लोक माझ्याकडूनच भरून घेतात. ओटीपी कुणाच्या मोबाईलवर आला आणि फोटो किती केबीचा लागतो यात माझी पंधरा वर्षं गेली. हे सांगतोय ते मिरवायला नाही. गावाचे फॉर्म भरणाऱ्या माणसाच्या सख्ख्या भाचीचं वर्ष कुठं अडकलं हे ऐकलंत तर बाकीच्यांचं काय होत असेल हे तुमच्या लक्षात येईल म्हणून सांगतोय.

माझी ताई नर्स आहे. इथल्या एका खासगी हॉस्पिटलात बारा वर्षं नाईट ड्युट्या केल्या, मग परीक्षा देऊन २०२२ मध्ये इंग्लंडला तिकडच्या सरकारी दवाखान्यात, एनएचएसमध्ये, लागली. लीड्सच्या बाजूला राहते. वर्षभर एकटी होती, इकडे दाजी आणि चिऊ (भाचीचं घरातलं नाव). मग २०२३ च्या ऑक्टोबरात दोघांचे व्हिसे आले आणि घरात नुसती दिवाळी. चिऊ तेव्हा दहावीत होती, सहामाही नुकतीच झाली होती, बोर्डाची परीक्षा मार्चात.

दाखला काढायला आम्ही तिघं गेलो, दाजी, चिऊ आणि मी. खरं म्हणजे मी बाहेर गाडीवरच बसलो होतो कारण पार्किंगला जागा नव्हती आणि दुकान उघडायची घाई होती. वीस मिनिटांत दाखला हातात, दाजी खूष, म्हणाले लई चांगली माणसं हायत, एक चक्कर पण मारायला लावली नाही. चिऊच्या मैत्रिणी जिन्यात रडत होत्या. मी दाखला बघितला, त्यात शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात निळ्या शाईनी लिहिलं होतं, परगावी जात असल्याने. मला तेव्हा हसू आलं. नऊ-दहा तास विमानात बसायचं आणि आपल्या दाखल्यावर ते बार्शीला चाललेत असं वाटतंय.

आता हसू येत नाही. त्या वीस मिनिटांत एका तरी माणसानी मान वर करून एवढंच विचारलं असतं, की अहो परीक्षा चार-साडेचार महिन्यांवर आलीय, पोरगी दहावी इथं देऊन गेली तर नाही का चालणार? बस, एवढंच. आजी इथं आहे, मी आहे, जेवायला-खायला कमी नव्हतं. पण नाही विचारलं कुणी. आणि खोटं कशाला बोलू, मी पण नाही विचारलं. उलट मीच सगळ्यात मोठ्यानी बोलत होतो की तिकडचं शिक्षण भारी असतं, दहावी-बिहावीचं तिकडं कोण विचारतंय. माझ्या त्या वाक्याची मला आजपण लाज वाटते.

तिकडं गेल्यावर काय झालं ते ऐका. इंग्लंडात पोराला वयावर वर्गात घालतात, इथं कितवीत होती त्याच्याशी त्यांना फार घेणं नसतं. १ सप्टेंबर ही त्यांची तारीख, त्या तारखेला किती वर्षाची होती त्यावर वर्ग ठरला. चिऊला थेट इयर इलेव्हनमध्ये टाकलं. म्हणजे त्यांची जी जीसीएसई असते, आपली दहावी समजा, तिचं शेवटचं वर्ष. तो कोर्स दोन वर्षांचा, ही पोचली तेव्हा वर्षाहून जास्त होऊन गेलेलं आणि मे महिन्यात परीक्षा. इकडे बोर्डाच्या परीक्षेपासून उठवली ती तिकडं त्याहून अनोळखी बोर्डाच्या परीक्षेत बसवली, आणि ती पण सहा महिन्यांत. गणित-सायन्स तिनं रेटलं, आपल्या शाळेत पाया चांगला झाला होता हे मी जाहीरपणे सांगतो, त्याचे आभार मानायला मला लाज नाही. इंग्रजीनी मात्र मारलं. सेमी-इंग्रजीची पोरगी, तिला तिकडची जुनी नाटकं आणि कविता, आणि त्यावर पानं पानं लिहायचं.

निकाल आला ऑगस्टमध्ये. चिऊचा मेसेज, मामा मॅथ्समध्ये एट, इंग्लिशमध्ये थ्री. मला वाटलं तीन म्हणजे तिसरा नंबर, मी नव्या पेठेतून पेढे आणले आणि गल्लीत वाटले पण. नंतर कळलं तिकडं ९ सगळ्यात वर आणि १ सगळ्यात खाली, आणि ४ आले तर पास धरतात. इंग्रजी किंवा गणितात चारच्या खाली असलं की पुढच्या वर्षी तो विषय शिकत राहावाच लागतो आणि परत परीक्षा द्यावी लागते. म्हणजे मी भाचीच्या नापास होण्याचे पेढे वाटले. चिऊ आता त्यावर हसते. तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती असं ताईनी मला वर्षभरानी सांगितलं.

पुढच्या वर्गात, ज्याला ते सिक्स्थ फॉर्म म्हणतात, घेताना त्यांनी मागचे मार्क मागितले. म्हणाले, एका वर्षाच्या इंग्रजीवरून काय ठरवणार, आधी कशी होती मुलगी ते दाखवा, आठवी-नववीचे विषयवार मार्क शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत पाठवा, आणि शाळेचा ईमेल द्या, आम्ही थेट शाळेला विचारतो. आता इथं माझी पळापळ सुरू झाली. प्रगतिपुस्तक होतं, त्यात श्रेणी होती, अ-२, ब-१, आणि शेजारी मराठीत हातानी लिहिलेलं, वर्तन चांगले, अक्षर सुधारावे. हे लीड्समध्ये कुणाला वाचून दाखवू? मी शाळेत गेलो. पहिल्या दिवशी बाई रजेवर. दुसऱ्या दिवशी बाई होत्या पण रजिस्टर ज्या कपाटात त्याची चावी दुसऱ्या सरांकडे, आणि ते सर निवडणुकीच्या ट्रेनिंगला. तिसऱ्या दिवशी सांगितलं असं काही देत नाही आम्ही, फॉरमॅट नाही. मी म्हणालो फॉरमॅट मी टाईप करून आणतो, माझं कामच आहे ते, तुम्ही फक्त रजिस्टर बघून मार्क टाका आणि सही-शिक्का द्या. तर म्हणे वरून परवानगी लागेल. सहाव्या चकरेला मिळालं. शाळेचं नाव घेत नाही कारण त्या बाई वाईट नाहीत, त्यांनी मला चहा पण पाजला, त्यांना खरंच माहीत नव्हतं की असं काही द्यायचं असतं.

ईमेलचं तर विचारूच नका. तिकडच्या शाळेनी तीन मेल पाठवले, शाळेच्या लेटरहेडवर जो जीमेल छापलाय त्यावर. उत्तर नाही. मी विचारायला गेलो तर कळलं त्याचा पासवर्ड कॉम्प्युटरच्या सरांकडे होता आणि ते दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेले. हा ईमेल अजून छापला जातोय, बरं का, फीच्या पावतीवर सुद्धा.

नावाचा घोळ वेगळाच. आपल्या दाखल्यावर आणि बोर्डाच्या कागदावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळं. तिकडं सहा महिने चिऊला हजेरीत दाजींच्या नावानी हाक मारत होते, कारण शेवटचा शब्द तेच आडनाव अशी त्यांची समजूत. पोरगी म्हणायची, मामा, मी वर्गात बाबा झालेय.

हे सगळं धरून चला की निभावलं. खरी गाठ पुढं आहे, आणि तुम्ही दाखला देताना जे सांगू शकला असता ते इथं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चिऊला डॉक्टर व्हायचं होतं. आई नर्स, लहानपणापासून सिव्हिलच्या समोरून जाताना म्हणायची मी इथं काम करणार. आता तिकडं अकरावी-बारावीला ए लेव्हल असतं आणि त्यात विषय तीनच घेतात. तीन! मी ताईला फोनवर म्हणालो, तुला फसवतायत, आपल्याकडं सहा असतात. पण तसंच असतं ते. चिऊनी बायोलॉजी, केमिस्ट्री आणि मॅथ्स घेतलं कारण तिच्या मास्तरांनी सांगितलं तिकडच्या मेडिकलला फिजिक्स लागतच नाही. बरोबरच सांगितलं त्यांनी, त्यांच्या देशाच्या हिशोबानी. पण आपल्या नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही लागतात. फिजिक्स सुटलं आणि इकडचं दार लागलं, आणि हे त्या मास्तरांना माहीत असायचं काही कारणच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम थोडा सैल केलाय, बारावीनंतर राहिलेला विषय जादा म्हणून देता येतो, पण म्हणजे अजून एक वर्ष, आणि त्या ए लेव्हलचं असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून समकक्ष म्हणून सर्टिफिकेट आणायचं ते वेगळं.

आणि समजा फिजिक्स असतं तरी? सरकारी मेडिकल कॉलेजात शंभरातल्या ८५ जागा राज्याच्या कोट्यातल्या, १५ ऑल इंडिया. त्या ८५ मध्ये यायचं तर महाराष्ट्राचं डोमिसाईल पाहिजे आणि दहावी आणि बारावी, दोन्ही, महाराष्ट्रातून पास पाहिजे. काही सरकारी नोकरदारांच्या मुलांना यात सवलत आहे. नर्स म्हणून परदेशात गेलेल्या बाईच्या मुलीला नाही. म्हणजे जन्म सोलापूरचा, आई-बाप सोलापूरचे, आजा यंत्रमागावर राबला, रेशन कार्ड इथलं, पण दहावीचा बैठक क्रमांक नाही म्हणून ती राज्याबाहेरची.

इथं मी माझ्या विरुद्धच एक गोष्ट सांगतो, म्हणजे कुणी उठून मला दुरुस्त करायला नको. नुसती दहावी इथं दिली असती तर मेडिकलचा प्रश्न सुटला नसता, बारावी पण इथंच करावी लागली असती. पण दहावीचं सर्टिफिकेट हातात असतं तर तिकडं जाऊन सहा महिने बघून, जमत नाही म्हणून परत येऊन इथं अकरावीला बसायचा रस्ता उघडा होता. चार महिने थांबलो नाही म्हणून तो बंद झाला. आणि इंजिनिअरिंगचं असं नाही हे पण कुणी सांगत नाही. इंजिनिअरिंगला शिक्षण बाहेर झालं तरी मुलाचं किंवा आई-बापाचं महाराष्ट्राचं डोमिसाईल असलं तर राज्याच्या उमेदवारांत धरतात, त्याला टाईप बी म्हणतात, मी दर जूनला किमान दहा-बारा फॉर्म तसे भरतो. म्हणजे एकाच घरातून दोन पोरं परदेशात गेली, एकाला इंजिनिअर व्हायचंय एकाला डॉक्टर, तर दोघांचा हिशोब पूर्ण वेगळा. मला हे माहीत होतं. फॉर्म भरताना माहीत होतं, भाची जाताना आठवलं नाही, कारण त्या दिवशी ती माझ्यासाठी उमेदवार नव्हती ना, विमानात बसणारी पोरगी होती.

मग तिकडंच डॉक्टर हो म्हणाल. तिकडं मेडिकलचे फॉर्म १५ ऑक्टोबरपर्यंत, बाकीचे जानेवारीत, सगळे यूकॅस नावाच्या एकाच ठिकाणी. पण फॉर्मच्या आधी एक प्रश्न येतो, तुम्ही घरचे का बाहेरचे? घरचे असाल तर फी वर्षाला साधारण साडेनऊ-पावणेदहा हजार पौंड, आपले अकरा-बारा लाखांच्या आसपास, आणि त्याला तिकडच्या सरकारचं कर्ज मिळतं. बाहेरचे असाल तर त्याच्या दुपटीहून कितीतरी जास्त, कर्ज नाही, आणि मेडिकलची फी ऐकून दाजी फोनवर नुसते गप्प बसले. घरचे व्हायला तीन वर्षं राहिलेलं असणं लागतं हे ताईला कुणीतरी सांगितलं होतं, ती निवांत होती. पण नुसती तीन वर्षं नाही, कायम राहायचा परवाना पण पाहिजे, आणि तो कामाच्या व्हिसावर पाच वर्षांनी मिळतो. ताई २०२२ ला गेली, पाच वर्षं २०२७ ला. दाजी आणि चिऊ २०२३ ला, त्यांची २०२८. कॉलेज सुरू होणार २०२६ ला. आता तर ते पाचाचं दहा करायचं तिकडच्या सरकारनी काढलंय. आणि बाहेरच्या मुलांना मेडिकलच्या जागा इंग्लंडात शंभरात साडेसातच.

म्हणजे बघा. ताई तिकडं टॅक्स भरते, रात्री-अपरात्री त्यांचे पेशंट उठवते-बसवते, आणि तिची पोरगी तिकडं बाहेरची. आणि इकडं पण बाहेरची. कुणाची तक्रार करू? दोन्हीकडचे नियम आपापल्या जागी असतील बरोबर. पण हे दोन नियम एकमेकांशेजारी ठेवून कुणीतरी त्या घराला दाखवायला पाहिजेत ना, आणि ते पण जायच्या आधी.

चिऊनी १४ जानेवारीच्या आत बायोमेडिकलचे फॉर्म भरले. इकडं त्या दिवसांत सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याची गर्दी, नंदीध्वजांची मिरवणूक, मी होम मैदानाजवळ उभा राहून तिला व्हिडिओ कॉल लावला, ती म्हणाली मामा जरा त्या चिवड्याच्या गाड्याकडं कॅमेरा कर. दोन कॉलेजांनी होय म्हणलंय. फीचं कोडं तसंच आहे. एक वर्ष थांबायचं, दोन वर्षं थांबायचं का कर्ज काढायचं, रोज रात्री त्यांच्या घरात हाच विषय.

आता तुम्ही म्हणाल हे आमचं काम आहे का. मान्य, तुमच्या डोक्यावर काय काय आहे ते माझ्या दुकानातूनच प्रिंट होऊन जातं. खिचडीचा हिशोब, आधार अपडेट, अपार आयडी, मतदार याद्या, कसली-कसली ऑनलाईन माहिती, आणि ती भरेपर्यंत साईट बंद. त्यात २०२५ पासून अकरावीचं ऑनलाईन ॲडमिशन सगळ्या राज्यात झालं, आधी पुण्या-मुंबईचं दुखणं होतं ते सोलापुरात पण आलं. एवढ्यात मी अजून एक ओझं टाकतोय असं वाटेल. पण माझ्या डोळ्यासमोर एक उदाहरण आहे म्हणून धीर होतो.

पूर्व भागातलं एक घर, आमचं जुनं गिऱ्हाईक. वडील टॉवेलच्या कारखान्यात फिटर, मस्कतला मेंटेनन्सचं काम मिळालं, पोरगा दहावीत. ते पण दाखला काढायला गेले होते, चिऊ जायच्या साधारण वर्षभर आधी. तिथल्या वर्गशिक्षिका बाई दुपारच्या सुट्टीत ऑफिसात कशाला तरी आल्या आणि ऐकलं. त्यांनी त्या वडिलांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं पोराला काय व्हायचंय? पोरगा म्हणाला कॉम्प्युटर. बाई म्हणाल्या मग दहावी इथं दे, नंतर जा, तिकडं आपल्या लोकांच्या सीबीएसईच्या शाळा आहेत, एप्रिललाच सुरू होतात, अकरावी-बारावी तिकडं कर, पण जायच्या आधी डोमिसाईल काढून ठेवा. आणि डॉक्टर व्हायचं म्हणत असशील तर मात्र बारावी होईपर्यंत इथून हलू नको. एवढंच बोलल्या, पंधरा मिनिटं पण लागली नसतील. बाप एकटा पुढं गेला, मायलेक एप्रिलात गेले. त्या बाईंनी नववीचे मार्क इंग्रजीत टाईप करून सही करून दिले, माझ्याच दुकानात टाईप झाले म्हणून मला माहीत. गल्फमध्ये काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी इंजिनिअरिंगच्या काही कॉलेजांत पाच टक्के जादा जागा असतात हे पण त्या बाईंनाच माहीत होतं, मला पण नीट नव्हतं.

बारावीनंतर सीईटी द्यायला तो पोरगा आजीकडं आला, पुढं ॲडमिशनचा फॉर्म माझ्याकडंच भरला. सीबीएसईवाला असल्यामुळं त्याला आपल्या बोर्डाची पुस्तकं नव्यानी वाचावी लागली, सीईटी आपल्या बोर्डावर असते, बारावीचं ऐंशी टक्के आणि अकरावीचं वीस. त्रास झालाच त्याला. पण रस्ता उघडा होता. चिऊत आणि त्याच्यात हुशारीचा फरक नाही, उलट चिऊच दोन पावलं पुढं. फरक त्या बाकावरच्या पंधरा मिनिटांचा.

म्हणून मागणं एवढंच आहे. परदेशात जातोय म्हणून कुणी दाखला मागायला आलं तर पेन उचलायच्या आधी त्याला बसवा. पोरगं कितवीत आहे बघा. नववी-दहावीत असेल तर त्याला काय व्हायचंय ते विचारा आणि मेडिकलचा तो दहावी-बारावीचा नियम तोंडानी सांगा, छापील कागद देऊ नका, कागद लोक पिशवीत टाकतात. सातवी-आठवीपर्यंतचं पोरगं असेल तर जाऊ द्या खुशाल, ते सावरतं. मागच्या तीन वर्षांचे विषयवार मार्क इंग्रजीत टाईप करून सही-शिक्क्यानी सोबत द्या, मागायची वाट बघू नका, कारण मागायची वेळ येते तेव्हा ते लोक साता समुद्रापलीकडं असतात आणि इथं कुणाचा तरी मामा चकरा मारत असतो. अमेरिकेत जाणाऱ्याला तर नववीपासूनच्या चारही वर्षांचे मार्क कॉलेजच्या फॉर्मला लागतात, आपण नववीला फारसं काही समजत नाही, ते समजतात. नाव पासपोर्टप्रमाणे आहे का ते दाखल्याआधी ताडून घ्या. आणि तो ईमेल. कृपा करून कुणीतरी तो ईमेल उघडा.

हे कुणाला जमत नसेल तर दुसरं सांगतो, अशा माणसाला माझ्या दुकानात पाठवा. पैसे घेणार नाही. फॉरमॅट माझ्याकडे तयार आहे, पेनड्राईव्हमध्ये आहे, हव्या त्या शाळेला देतो.

उलट्या बाजूनी येणाऱ्यांबद्दल पण लिहायचं होतं, म्हणजे तिकडून परत येऊन इथं आठवी-नववीत बसणारी पोरं, ज्यांना मराठीचा पेपर बघून घाम फुटतो आणि वर्गात सगळे काय बे फॉरेनर म्हणतात. आपल्या राज्यात २०२० च्या कायद्यानी सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे आणि ते मला पटतं, पण सहा वर्षं बाहेर राहिलेल्या पोराला पहिल्या घटक चाचणीलाच लाल शेरा मारू नका एवढंच म्हणेन. तो विषय मोठा आहे, परत कधी.

आज हे पत्र लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. काल रात्री दुकान बंद करताना आसरा चौकाकडचा एक ओळखीचा माणूस आला, पासपोर्टच्या झेरॉक्स काढायला. कतारला चाललेत, फॅमिलीसकट, तिकिटं १० फेब्रुवारीची. पोरगा दहावीत. २० फेब्रुवारीला बोर्डाचा पहिला पेपर आहे. मी सांगायचा प्रयत्न केला, की तिकडची सीबीएसईची शाळा एप्रिललाच सुरू होणार, दोन महिने तिकडं बसून काय करणार, आणि सीबीएसईत दहावीचं रजिस्ट्रेशन नववीतच होतं, याला दहावीत मध्येच घेतील का नाही ते आधी विचारा. तर तो म्हणाला, तू झेरॉक्सवाला आहेस का मुख्याध्यापक? बरोबर आहे त्याचं.

सोमवारी सकाळी तो तुमच्यापैकी कुणाच्या तरी खिडकीवर येणार आहे. शाळा कुठली ते लिहीत नाही, पण त्या पोराचं हॉल तिकीट तुमच्या ऑफिसातच पडलेलं असेल. बाप तापट आहे, घाईत असेल, आज आत्ताच पाहिजे म्हणेल. त्याला आधी पाणी द्या. पोराला बाजूला घेऊन विचारा तुला काय व्हायचंय. आणि बाप ऐकत नसेल तर मला फोन करायला सांगा, मी चिऊला लावून देतो, तिकडं तेव्हा पहाट असेल पण ती उठेल.

आपला,
एक मामा, जुळे सोलापूर